कुलुपातले ठसे आणि आमच्या भिंती

ठशाचा धर्म एकच, पुन्हा पुन्हा उमटणे. लाकडाच्या फळीवर किंवा लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र रेखाटावे, जे कोरे राहावयाचे ते खोदून काढावे, उरलेल्या उठावावर शाईचा रूळ फिरवावा आणि वर कागद ठेवून दाबावा. एकाचे दोन होतात, दोनाचे दोनशे. काष्ठठसा आणि लिनोकट ही या उठावाच्या मुद्राचित्राची दोन प्रमुख रूपे. पंधराव्या शतकातील युरोपात सामान्य माणसाच्या घरी संतांचे आणि क्रुसावरील प्रभूचे चित्र प्रथम पोहोचले ते याच वाटेने. ज्याला चित्रकाराकडून तैलचित्र करवून घेणे सात जन्मांत परवडले नसते, त्याने जत्रेतून कागदावरचा ठसा विकत आणला आणि दारामागे डकवला.

तीच कला आज कोठे आहे? महानगरांतील कलासंग्रहांच्या पोलादी खणांत, आम्लरहित कागदाच्या घडीत, क्रमांक घातलेली आणि कुलूप लावलेली. ज्या भिंतींसाठी ती जन्माला आली त्या भिंतींवर, भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील आमच्या कॅथॉलिक कुटुंबांच्या भिंतींवर, परदेशी चेहऱ्यांची चकचकीत छापील चित्रे टांगलेली आहेत, आणि सणावाराला मंदिराच्या फाटकावर प्लॅस्टिकचा फ्लेक्स फडकतो आहे. या दोन्ही गोष्टींविषयी आमची तक्रार आहे. पहिली तक्रार संग्राहकांविरुद्ध आहे, दुसरी आपल्या समाजाविरुद्ध. दोन्ही स्पष्ट शब्दांत मांडण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम संग्राहकांचे पाहू. मुद्राचित्राच्या खाली पेन्सिलीने एक अपूर्णांक लिहिण्याची प्रथा आहे. ७/२५ असे लिहिले असेल तर पंचवीस प्रतींपैकी ही सातवी, असा त्याचा अर्थ. ठरलेल्या प्रती काढून झाल्या की पुष्कळदा ठशावर आडवी रेघ मारून तो निकामी करतात, म्हणजे सव्विसावी प्रत पुन्हा निघू नये. ही प्रथा फार जुनी नाही. आल्ब्रेख्ट ड्यूररने १४९८ साली ‘प्रकटीकरणा’वरील पंधरा काष्ठठसे पुस्तकरूपाने स्वतःच प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने प्रतींवर असे क्रमांक घातले नव्हते. त्याची पत्नी आग्नेस जत्रांतून ते ठसे विकीत असे. मागणी आली की फळी बाहेर काढावी, शाई लावावी आणि आणखी छापावे, असा तो सरळ व्यवहार होता. दुर्मिळता ही ठशाच्या अंगची गोष्ट नव्हे. ती बाजाराने त्याच्यावर लादली, कारण जे सर्वांना मिळते त्याची किंमत चढत नाही.

कलावंताने पोट कसे भरावे, असा प्रश्न यावर येईल, आणि तो रास्त आहे. क्रमांकामुळे ग्राहकाला विश्वास वाटतो, कलावंताच्या हाती चार पैसे येतात, हे आम्हांस मान्य आहे. संग्रहांनी जपले नसते तर पुष्कळ ठसे वाळवीच्या पोटात गेले असते, हेही मान्य आहे. चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचेच उदाहरण घ्यावे. बंगालच्या दुष्काळाची त्यांनी डोळ्यांनी पाहून काढलेली चित्रे १९४३ साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्या पुस्तकाच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे ते मुंबईस आले आणि अंधेरीत राहून वर्षानुवर्षे लिनोकट कोरीत राहिले. ओझी वाहणारी, बूटपॉलिश करणारी, रस्त्यावर निजणारी मुले त्यांनी काळ्यापांढऱ्या रेषांत उभी केली. त्या चित्रमालेला त्यांनी परीकथा नसलेल्या देवदूतांचे नाव दिले. हा कलावंत हलाखीत जगला आणि १९७८ साली वारला. त्याचे काम आज प्राग येथील राष्ट्रीय कलासंग्रहात आहे, आणि २०११ साली दिल्लीच्या एका कलादालनाने त्याचे मोठे प्रदर्शन भरविले. जतन झाले याचा आनंद आहेच. पण ज्या मुलांची ती चित्रे आहेत, त्यांच्यापैकी एकाच्या तरी घरात त्यांतली एक प्रत आहे काय?

अलीकडचे उदाहरण झरीना हाश्मी यांचे. अलीगढला जन्मलेल्या या कलावतीने (१९३७–२०२०) १९९९ साली छत्तीस काष्ठठशांची एक मालिका केली. घर, उंबरठा, दार अशा एकेका शब्दाला एकेक ठसा, आणि प्रत्येकाखाली तो शब्द उर्दू लिपीत. घर सुटलेल्या माणसाचे हे दुःख भंडारा जिल्ह्याला नवे नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, आणि त्यानंतर पवनीच्या परिसरातील किती उंबरठे पाण्याखाली गेले हे येथील माणसाला सांगावे लागत नाही. झरीनाबाईंचे ठसे न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. विस्थापितांच्या वसाहतीत राहणाऱ्या मुलीला ते पाहावयाचे झाले तर तिने कोठे जावे? ज्या माध्यमाची प्रत काढण्यास एक कागद आणि थोडी शाई पुरते, त्या माध्यमातील चित्र पाहण्यासाठी सातासमुद्रांपलीकडे जावे लागणे, यात कोठेतरी अन्याय आहे. प्रभूने सांगितलेल्या दृष्टान्तातील एका चाकराने धन्याचे नाणे जमिनीत पुरून ठेवले होते. त्याने ते हरवले नव्हते आणि खर्चलेही नव्हते. मुळीच खोट न येता ते परत केले, तरी धन्याने त्याची निर्भर्त्सना केली. मुद्राचित्रे केवळ जपून ठेवणाऱ्या संग्राहकांनी हा दृष्टान्त एकदा पुन्हा वाचावा.

आता आपल्या समाजाकडे वळू. येथे शब्द अधिक कठोर होतील, कारण संग्राहक परके आहेत आणि समाज आपला आहे.

आपल्या घरांतील चित्रे पाहा. निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा ख्रिस्त. मेणासारख्या गोऱ्या गालांची मारिया माता. शिकागोच्या वॉर्नर सॅलमन नावाच्या चित्रकाराने १९४० साली ख्रिस्ताचे एक मुखचित्र रंगविले, आणि त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. अनेकांच्या मनातील ख्रिस्ताचा चेहरा हा त्या एका अमेरिकन चित्रकाराने काढलेला चेहरा आहे, आणि तो त्याने काढला हेही बहुतेकांना ठाऊक नसते. या चित्रांपुढे आपल्या आजीआजोबांनी गुडघे टेकले, आजारी लेकरांसाठी अश्रू ढाळले. त्या भक्तीची थट्टा करण्याचे पातक आम्ही करणार नाही. भक्ती खरी होती आणि आहे. प्रश्न असा, की एवढ्या खऱ्या भक्तीला एवढे उसने चित्र आपण किती काळ पुरवीत राहणार?

१६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले. जन्माने इंग्रज असलेल्या त्या जेज्वीट धर्मगुरूने मराठी आत्मसात केली, ओवी आत्मसात केली, आणि बेथलेहेमपासून कालवारीपर्यंतची सारी कथा या भूमीच्या छंदात सांगितली. म्हणजे आपल्या श्रद्धेचा शब्द चारशे वर्षांपूर्वीच मराठी झाला. चित्र मात्र अजून झालेले नाही. कोणी तसा प्रयत्न केला तेव्हा आपल्याच माणसांनी नाक मुरडले. गोव्याच्या सांतु इस्तेव्ह गावचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकून आले आणि त्यांनी मारिया मातेला साडी नेसविली. स्वभूमीत त्यांच्या वाट्याला टीकाच आली, आणि अखेर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला. आज त्यांची चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात सन्मानाने जतन केली आहेत. हयातीत दगड आणि मरणोत्तर संग्रहालय, ही संदेष्ट्यांची जुनीच कहाणी आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण तरी काय आहे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जे संविधान दिले, त्यात पवित्र कलेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ख्रिस्तसभेने कोणत्याही एका शैलीस आपली म्हणून मानलेले नाही, प्रत्येक काळाच्या व प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला उपासनेत स्थान आहे, आणि डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याकडे लक्ष असावे, असा त्याचा आशय आहे. दहा वर्षांनी, १९७३ साली, पोप सहावे पॉल यांनी व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आधुनिक धार्मिक कलेचा स्वतंत्र संग्रह उघडला. चित्रे आणि शिल्पे यांच्या जोडीला त्यात मुद्राचित्रांनाही मानाची जागा मिळाली. १९९९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कलावंतांना उद्देशून खास पत्र लिहिले. रोमने दार उघडून अर्धे शतक उलटले; आपण अजून पडवीतच उभे आहोत.

असे काही गरीब धर्मग्रामांत घडू शकते काय, अशी शंका ज्यांना येते त्यांनी आफ्रिकेकडे पाहावे. दक्षिण आफ्रिकेत १९६२ साली स्वीडिश लुथरन मिशनच्या साहाय्याने एक कलाकेंद्र सुरू झाले, आणि पुढे ते रोर्क्स ड्रिफ्ट या खेड्यात स्थिरावले. तेव्हा तेथे वर्णभेदाचे राज्य होते. काळ्या माणसाला शहरातील कलाशाळेचे दार बंद होते. आझारिया म्बाथा नावाच्या झुलू तरुणाने मिशनच्या इस्पितळात क्षयावर उपचार घेत असताना लिनोकटाची विद्या शिकून घेतली. त्याने पवित्र शास्त्रातील कथा कोरल्या, त्या आफ्रिकी माणसांच्या रूपात, आफ्रिकी भूमीत. नामिबियाचा जॉन मुआफांगेजो याच केंद्रात शिकला. २०११ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने दक्षिण आफ्रिकेच्या मुद्राचित्रांचे प्रदर्शन स्वतःच्या संग्रहातून मांडले, तेव्हा या खेड्यातून निघालेले ठसे तेथील भिंतीवर होते. लिनोलियम, कोरणी आणि शाई एवढीच त्यांची सामग्री होती.

अमेरिकेतही असेच घडले. डोरोथी डे यांनी १९३३ साली ‘कॅथॉलिक वर्कर’ हे पत्र काढले आणि त्याची किंमत ठेवली एक सेंट. १९४९ साली फ्रिट्झ आयकेनबर्ग या जर्मन निर्वासित काष्ठठसाकाराशी त्यांची भेट झाली. ते क्वेकर पंथाचे होते, कॅथॉलिक नव्हते. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना अक्षर वाचता येत नाही, त्यांना चित्र वाचता येईल, हे डोरोथीबाईंचे म्हणणे त्यांना पटले. पुढे वर्षानुवर्षे त्यांचे ठसे त्या एक सेंटच्या पत्रात छापून येत राहिले. अन्नछत्रापुढच्या गरिबांच्या रांगेत स्वतः ख्रिस्त उभा आहे, हे त्यांचे चित्र सर्वांत गाजले. वाढप्याच्या जागी ख्रिस्त नाही. तो घेणाऱ्यांच्या रांगेत आहे. ते चित्र संग्रहालयांत आहे, आणि त्याचबरोबर हजारो स्वयंपाकघरांच्या भिंतींवरही आहे. आम्ही मागतो ते नेमके हेच. संग्रहालयात असावे आणि घरातही असावे.

आपल्या देशातही ही परंपरा अनोळखी नाही. नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेच्या प्रसंगी काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचा लिनोकट केला. काळ्या पार्श्वभूमीवर चार पांढऱ्या रेघा, बस्स. आज तो राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. पण गांधीजींची आकृती घराघरांत पोहोचविणाऱ्या चित्रांत त्याचे स्थान फार वरचे आहे, ते तो संग्रहालयात आहे म्हणून नव्हे, छापता आला म्हणून. १९३६ साली खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींनी याच नंदबाबूंना बोलावले, आणि बांबू, गवत, खेड्यात मिळेल ती सामग्री यांतून त्यांनी सारा मंडप सजविला. खेड्यात सुंदर गोष्ट घडविण्यास शहराची थैली लागत नाही, हा धडा याच महाराष्ट्राच्या मातीत गिरविला गेला आहे.

आणि भंडारा जिल्ह्याच्या हातांना हे काम परके आहे, असे कोण म्हणेल? पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले. त्यात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप निघाला, आणि मुचलिंद नागाची शिल्पशिळा निघाली. निरक्षर माणसाला श्रद्धेची गोष्ट दगडातील उठावातून सांगावी, ही कल्पना या जिल्ह्यात इतकी जुनी आहे. भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी दूरवर जात. मोहाडीकडच्या कोष्ट्यांचा टसर अजूनही नाव राखून आहे. लग्नातल्या आंदणाच्या भांड्यावर टोचणीने टकटक करीत नाव घालणारा कारागीर आपल्या बाजारपेठांनी पाहिलेला आहे. तान्ह्या पोळ्याला लेकरे जो लाकडी बैल ओढीत नेतात, तो घडविणारा सुतार या मुलखाचाच. १८०५ साली मिरजेस भगवद्गीता छापली गेली, तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरे कोरणारा माणूसही तांबटच होता, कोणी पदवीधर नव्हे. कोरणी धरणारा हात आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. त्या हाताला काम उरलेले नाही, हे खरे दुखणे आहे. पितळेची जागा पोलादाने घेतली, पोलादावर नाव घालण्याची जागा यंत्राने घेतली, आणि कारागिराचा मुलगा नागपूरच्या गोदामात हमाली शोधू लागला.

छापखान्यांचीही तीच गत झाली. शिशाचे खिळे जुळवून ट्रेडलवर छापणे हासुद्धा उठावाचाच ठसा होता. आपल्या समाजातील नियतकालिकांची जुनी पाने, मिस्साच्या गीतांच्या पुस्तिका, लग्नपत्रिका, मृत्यूच्या वार्ता या साऱ्या त्या उठावातून उमटल्या. ऑफसेट आणि संगणक आले तशी ती यंत्रे तालुक्याच्या गावांतून भंगाराच्या भावाने गेली. काळ बदलला, त्याबद्दल रडगाणे गाण्यात अर्थ नाही. पण एखाद्या कोपऱ्यात एखादे ट्रेडल अजून गंजत पडले असेल, तर ते भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी आपल्या शाळांनी दोनदा विचार करावा.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा, की ही काळीपांढरी, ओबडधोबड चित्रे कुरूप दिसतात, आणि प्रार्थनेला प्रसन्न रूप हवे. आमचे उत्तर असे, की क्रूस प्रसन्न नव्हता. कॅथे कोल्विट्झ या जर्मन कलावतीचा मुलगा पहिल्या महायुद्धात १९१४ साली पडला. १९२२-२३ साली तिने युद्धावर सात काष्ठठसे केले. एकमेकींना बिलगून लेकरांना पोटाशी धरणाऱ्या मातांचा ठसा त्यात आहे. त्यापुढे उभे राहिलेल्या माणसाला दुःखी मातेचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. गुळगुळीत रंगात जे लपते ते कोरलेल्या रेषेत लपत नाही. चांगल्या शुक्रवारी आपण ज्याच्यापुढे नतमस्तक होतो, त्याच्या देहावरील वळ गुलाबी रंगाने झाकले जाऊ नयेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे मोजकी आहेत. मुलांची फी, म्हाताऱ्यांचे औषध, मंदिराचे गळके छप्पर यांतून चित्रांना पैसा कोठून आणावा? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण तो घेणाऱ्यांनी सणाच्या फ्लेक्सचा वर्षाचा हिशेब एकदा मांडावा. फ्लेक्स चार दिवस टिकतो, त्यानंतर त्याचे गोठ्यावरचे आच्छादन होते. लिनोचा, रबराचा अथवा साध्या प्लायवूडचा तुकडा, तीन-चार कोरण्या, छापखान्याची शाई आणि एक रूळ एवढ्यात ठसा तयार होतो. त्याला यंत्रही लागत नाही. कागदाच्या पाठीवर चमच्याचा फुगीर भाग घोटून घोटून दाबला की छाप उतरते. शाळेत भेंडी कापून तिचे ठसे ज्यांनी उठविले, त्या प्रत्येकाने ही विद्या बालपणीच हाताळली आहे.

तिसरा आक्षेप असा, की आपल्यात कलावंत कोठे आहेत? ते आहेत, आपण त्यांना विचारलेले नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना दरवर्षी राज्यभरातील शाळांची मुले बसतात. त्यांत आपल्या मिशन शाळांचीही असतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांत ती चमकतात, दहावीच्या गुणपत्रिकेत वाढीव गुण पडतात, आणि तेथेच त्यांची कला संपते. त्यांच्यापैकी किती जणांनी एक तरी अस्सल मुद्राचित्र डोळ्यांनी पाहिले असेल? नागपूरचा अजब बंगला १८६३ पासून उभा आहे. १९५६ पर्यंत भंडारा ज्या राज्याचा भाग होता, त्या मध्य प्रदेशाने भोपाळला १९८२ साली भारत भवन उभारले, तेथे मुद्राचित्रांची कार्यशाळा चालविली आणि १९८९ पासून आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र प्रदर्शने सुरू केली. ललित कला अकादमीने २०१८ साली दिल्लीस असाच मुद्राचित्रांचा मोठा सोहळा भरविला. हे सारे स्तुत्य आहे. पण लाखांदूरच्या चित्रकला शिक्षकाच्या वर्गापर्यंत त्यातले काय पोहोचले? मोठे तैलचित्र हलविताना विम्याचा आणि पेटाऱ्याचा खर्च येतो. दहा मुद्राचित्रे मात्र एका पाकिटात मावतात आणि एस.टी.ने येऊ शकतात. जी कला टपालाने पाठविता येते ती जिल्ह्याला पोहोचू नये, याला अडचण म्हणत नाहीत, अनास्था म्हणतात.

म्हणून आमच्या मागण्या आम्ही येथे नोंदवितो.

कलावंतांना आमचे सांगणे असे, की संग्राहकांसाठी क्रमांकाच्या प्रती अवश्य काढाव्यात. पण ठसा निकामी करण्यापूर्वी शाळांसाठी आणि धर्मग्रामांसाठी साध्या कागदावर क्रमांकाविना एक मुक्त आवृत्ती काढावी. त्याने कोणाची किंमत बुडणार नाही, आणि ठशाचे नाव राहील.

अकादमीला आणि संग्रहालयांना आमचे मागणे असे, की त्यांच्या संग्रहातील समकालीन मुद्राचित्रांच्या प्रती तालुक्याच्या शाळांतून फिरत्या ठेवाव्यात. संग्रह जनतेच्या पैशातून झालेला असेल, तर भंडाऱ्याची जनताही जनताच आहे.

आपल्या महाधर्मप्रांताला आमची विनंती आहे. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला, १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला. एवढ्या दीर्घ परंपरेच्या धर्मप्रांताने भारतीय ख्रिस्ती कलेचा एक लहानसा संग्रह करावा, आणि त्याची सुरुवात मुद्राचित्रांपासून करावी, कारण तीच परवडणारी आहेत. विजयवाड्याच्या पी. सॉलोमन राज यांच्यासारख्या लुथरन कलावंताने (१९२१–२०१९) आयुष्यभर काष्ठठशांतून आणि बाटिकमधून प्रभूची कथा भारतीय रूपात सांगितली. अशा कामाचे दोन-चार नमुने तरी आपल्या तरुणांना पाहावयास मिळावेत. तो संग्रह कपाटात मात्र राहू नये. आगमनकाळात एका धर्मग्रामात, प्रायश्चित्तकाळात दुसऱ्या, असा तो फिरत राहावा.

आणि धर्मग्रामांतील कुटुंबांना, म्हणजे प्रस्तुत लेख ज्यांच्या हाती आहे त्यांना, आमचे सांगणे सर्वांत साधे आहे. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने असतात. येत्या प्रायश्चित्तकाळापूर्वी चौदा कुटुंबांतील चौदा मुलांना एकेक स्थान वाटून द्यावे आणि हाती कोरणी द्यावी. कोरताना बोट कापू नये म्हणून जवळ एक वडीलधारे बसावे. सायमन कुरेनेकर रोवणीहून परतणाऱ्या मजुरासारखा दिसला तर दिसू द्यावा. वेरोनिकेच्या हातातील वस्त्र कोष्ट्याच्या मागावरचे असू द्यावे. येरुशलेमेच्या कन्यांमध्ये मालगुजारी तलावाच्या पाळीवर पाण्याला आलेल्या बाया असू द्याव्यात. आणि कधी पुढे पेत्राचे चित्र कोरण्याची वेळ आली, तर तो बोडीत जाळे टाकणारा ढिवर असू द्यावा. रेषा वाकडी येईल, अक्षर उलटे उमटेल, कारण ठशात सारे आरशासारखे उलटे कोरावे लागते आणि नवशिक्याला ते हमखास चकविते. तरीही त्या चौदा ठशांच्या पन्नास-पन्नास प्रती काढाव्यात, घरोघर द्याव्यात, आणि एक संच धर्मगुरूंच्या कार्यालयात तारीख घालून ठेवावा. भंडारा जिल्ह्यातील उठावाच्या मुद्राचित्रांचा पहिला ख्रिस्ती संग्रह तोच ठरेल, आणि त्याला कुलूप लावण्याचे कारण पडणार नाही, कारण त्याच्या उरलेल्या एकोणपन्नास प्रती गावात असतील.